अडुसष्टवर थांबलेली मान

माझं काम मोजायचं. उपचार करायचे नाहीत, सल्ला द्यायचा नाही आणि मुख्य म्हणजे विचारायचं नाही. फिजिओथेरपी विभागाच्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला एक खोली, खोलीत सरळ पाठीची एक खुर्ची, समोरच्या भिंतीवर एक काळा ठिपका, टेबलावर कोनमापक, पट्टी आणि कागदांचा गठ्ठा. पेशंटने खुर्चीत बसून ठिपक्याकडे बघायचं, मी सांगेन तशी मान वळवायची, आणि मी अंश लिहून घ्यायचे. तीस वर्षं लोकांच्या माना आणि पाठी दाबून माझे अंगठे कामातून गेले, म्हणून मला या खोलीत आणून बसवलं होतं. मला ते आवडलं नव्हतं. रोज सकाळी नाकावर राग घेऊनच मी कुलूप उघडायची.

त्या वर्षी आमच्याकडे तुलना चालली होती. सगळे तेवढंच म्हणायचे, तुलना. जुनाट मानदुखीचे तीस पेशंट घेतले आणि त्यांचे दहा-दहाचे तीन गट केले. एका गटाला व्यायाम: हनुवटी आत ओढून धरायची, कपाळ तळहातावर दाबायचं, रबरी पट्टा ताणून पाठीची पाती जवळ आणायची, आणि हे सगळं घरी रोज दोनदा. दुसऱ्या गटाला मशीन: हनुवटीखाली पट्टा अडकवून मान हळूहळू ताणायची आणि वर गरम शेक. तिसऱ्या गटाला हात. टेबलावर उताणं झोपायचं आणि उपचार करणाऱ्याने मानेचा एकेक मणका बोटांनी चाचपत सैल करत जायचं. शेवटची पाच मिनिटं पेशंटचं डोकं दोन्ही तळहातांवर नुसतं तोलून धरायचं.

कोण कुठल्या गटात, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर. मला ते कळता कामा नये, कारण कळलं की मोजणाऱ्याचा डोळा आपल्या आवडत्या बाजूला झुकतो, असं मोठ्या मॅडमचं म्हणणं. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्यांचं म्हणणं खरंच होतं. माझा डोळा हाताच्या बाजूला झुकलाच असता, कारण जन्मभर मी तेच केलं होतं.

तुलना नुसती कागदासाठी नव्हती. हाताच्या उपचारात एक माणूस अर्धा तास एकाच पेशंटला बांधला जातो, आणि व्यायाम तोच माणूस एका वेळी आठ जणांना शिकवतो. तेव्हा हात व्यायामाच्या मागे पडले तर हाताची खोली बंद करायची आणि तिथे आणखी दोन मशीनं ठेवायची, हे ठरलेलं होतं. त्या खोलीत एक उंच, रुंद खांद्यांचा तरुण काम करायचा. त्याचे पंजे बघून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. खोली गेली तर त्याला गुडघ्यांच्या विभागात धाडणार होते.

माझ्या दारावर पाटी होती: 'आपला उपचार कोणता, हे येथे सांगू नये.' पाटीचा उपयोग शून्य. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक ट्रकवाला आत येता येताच म्हणाला, "मॅडम, ते मशीन म्हणजे फाशीची तालीम आहे नुसती." एक शिक्षिका रबरी पट्टा खुंटीला अडकवून बसायची आणि वर मला विचारायची, "मी काही सांगितलं नाही ना?" तीस जणांत एकानेच तोंडून अवाक्षर काढलं नाही, आणि मला हे लिहायचंय ते त्यांच्याविषयी. ते रफूचं काम करायचे. मी त्यांना रफूवाले म्हणायची.

पहिल्या दिवशी आले तेव्हा मान उजवीकडे अडतीस अंशांवर अडली. त्यापुढे अख्खा माणूस वळायचा.

"काय काम करता?"

"रफू."

"किती वर्षं?"

"बेचाळीस."

"मग मान दुखणारच. इतकी वर्षं मान मोडून काम केल्यावर दुसरं काय मोडणार?"

हसले नाहीत. माझ्या कोपराकडे बघत होते. म्हणाले, "स्वेटर तिथे विरलाय. अजून भोक पडलं नाही. पडायच्या आधी आणा." मी हात टेबलाखाली घेतला. मी मानेची तपासणी करणार आणि हा माणूस माझ्या कोपराची, हे मला अजिबात रुचलं नाही.

मग त्यांना मी रेघ दिली. आमच्याकडे दुखणं मोजायची एकच रीत. कागदावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ, डाव्या टोकाला 'अजिबात दुखत नाही', उजव्या टोकाला 'असह्य'. पेशंटने दुखणं जिथे वाटतं तिथे उभी खूण करायची, मी पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे. बहुतेक लोक घाईत खूण मारतात. रफूवाल्यांनी चष्मा पुसला, रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने नीट मापली आणि केसाएवढी बारीक खूण केली. अडुसष्ट.

पाकीटही त्यांनी इतरांसारखं टर्रकन फाडलं नव्हतं, असं बाहेर बसणारी नर्स नंतर मला सांगत होती. डिंकाच्या कडेने नखाने उकललं, चिठ्ठी वाचली, पाकीट पुन्हा होतं तसं चिकटवून परत दिलं. माहितीपत्रक मात्र घरी नेऊन शब्द न् शब्द वाचलं असणार. त्यात एक नियम होता: खूण लागोपाठ दोन वेळा वीसच्या आत आली की उपचार थांबवायचे आणि ती जागा पुढच्या पेशंटला द्यायची. नाही आली तर पूर्ण बारा आठवडे.

दर दोन आठवड्यांनी ते मापाला यायचे. गटाबद्दल ताकाला तूर लागू द्यायचे नाहीत. हवेबद्दलसुद्धा जपून बोलायचे, न जाणो हवेतून गट कळेल. पण माझे अंगठे गेले होते, डोळे नव्हते. मशीनवाल्यांच्या हनुवटीखाली पट्ट्याचा वळ असतो. व्यायामवाल्यांच्या काखा ओल्या असतात. रफूवाल्यांचे मागचे केस चपटे झालेले असायचे आणि चेहरा दुपारच्या गाढ झोपेतून उठलेल्या माणसासारखा. दुसऱ्याच वेळी मी ओळखलं. पैलवानाच्या हातचा माणूस.

चौथ्या आठवड्यात मान पन्नास अंश वळली. सहाव्यात एकोणसाठ. आठव्यात सहासष्ट, म्हणजे त्यांच्या वयाच्या मानाने कुणालाही हेवा वाटावा अशी. वळवताना ना दात आवळले, ना श्वास धरला. आणि रेघेवर खूण? अडुसष्ट. परत अडुसष्ट. एकदा एकोणसत्तर, पण तेव्हा माझीच पट्टी सरकली असेल.

मी चिडले. मान सुटली तरी दुखणं कधी कधी राहतं, हे मला कळत होतं. असे पेशंट मी पाहिलेत आणि त्यांच्यावर कुणी अविश्वास दाखवला तर भांडलेही आहे. पण दुखणं हे घरातल्या म्हाताऱ्यासारखं असतं, आज बरं, उद्या कुरकुर. एका दुपारी त्यांचे पाच कागद मी एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावून उजेडात धरले. पाचही खुणा एकाच जागी, एकच खूण दिसावी अशा. इतकं शिस्तीचं दुखणं मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मोठ्या मॅडमकडे गेले. गटाचं नाव घेता येत नव्हतं, म्हणून एवढंच म्हटलं, "एका पेशंटच्या खुणांवर माझा विश्वास नाही."

"तुमचं काम मोजायचं," त्या म्हणाल्या. "विश्वास ठेवायचा की नाही, हे कागदावर कुठे विचारलंय?"

मी मूग गिळून गप्प बसले. आज वाटतं, बोलायला हवं होतं, त्यांच्याशी नव्हे, रफूवाल्यांशी. पण मी त्या खोलीत माणसांना ठिपक्याकडे बघायला लावायची, स्वतः कोनमापकाकडे बघायची, आणि माझा नियम माझ्या फार सोयीचा होता.

बारा आठवडे संपले. गटांची यादी उघडली, कोण कुठल्या गटात ते सगळ्यांपुढे आलं, आणि मोठ्या मॅडमनी तीन आकडे फळ्यावर लिहिले. दुखण्याच्या शेवटच्या खुणेची सरासरी, कमी तितकी चांगली: मशीन एकतीस, हात सत्तावीस, व्यायाम चोवीस. म्हणजे हात मागे पडले. पैलवान भिंतीला टेकून उभा होता. त्याने आपले पंजे एकदा उलटेसुलटे करून पाहिले आणि बाहेर गेला. खोली महिनाअखेर बंद होणार होती.

मी घरी जाऊन हाताच्या गटाची बेरीज पुन्हा केली. माझ्या घरी मी आणि भिंती, त्यामुळे अशा कामांना वेळ भरपूर. नऊ जणांची सरासरी बावीस येत होती. दहावा माणूस अडुसष्ट. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण हे शीतच कच्चं होतं आणि त्यापायी अख्खं पातेलं ओतून टाकायला निघाले होते.

पेशंटच्या कामाच्या ठिकाणी जाणं नियमात बसत नव्हतं. पण माझ्या स्वेटरला कोपरावर तोवर खरंच भोक पडलं होतं, आणि ते कुठल्याही नियमात बसत होतं.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. वरून कुणी उतरलं की छत धडधडायचं. आत एक माणूस, एक दिवा आणि कपड्यांचे ढीग. गिऱ्हाइकासाठी एक स्टूल होतं, पण त्यावरही कोटांची चळत रचलेली, त्यामुळे मी फळीशी उभीच राहिले. ते एका काळ्या कोटाच्या खांद्यावर वाकले होते. कसरीने खाल्लेलं भोक होतं आणि त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून काढलेल्या धाग्याने ते भरत होते. शेजारी तयार कपडे टांगले होते, प्रत्येकावर कुठे ना कुठे पांढऱ्या दोऱ्याचा एक छोटा फास.

"हे कशाला?"

"रफू कुठे केलाय ते गिऱ्हाइकाला दाखवायला. नाही बांधलं तर त्यांना जागा सापडत नाही, मग म्हणतात काम केलंच नाही. घरी नेऊन कापून टाकतात." मग वर बघून म्हणाले, "ताई, तुम्ही? पडलं ना भोक?"

स्वेटर हातात घेतला, भोकाच्या कडा अंगठ्याने चाचपल्या. "वापरून विरलंय. हे बरं असतं. कडा मऊ असतात, नवा धागा धरतात. कात्रीने कापलेलं भोक लगेच कळतं, कडा ताठ असतात." असं म्हणत त्यांनी मागच्या फळीवरचं रीळ बघायला मान वळवली. खांदा जागचा हलला नाही.

"सत्तर अंश," मी म्हटलं.

हात रिळावर थांबला.

"आत्ता तुमची मान सत्तर अंश वळली, आणि तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही. कधीपासून दुखत नाही?"

त्यांनी रीळ खाली घेतलं, दोरा सुईत ओवला. बराच वेळ लागला, एरवी लागत नसावा.

"सहाव्या आठवड्यापासून."

"मग खुणा?"

"पहिल्या दिवशी केली होती तिथेच करत राहिलो."

"मिलिमीटरसुद्धा चुकला नाहीत. जरा इकडंतिकडं केलं असतंत तर मला जन्मात कळलं नसतं."

"तसं येत नाही मला," ते म्हणाले. खोटं बोलल्याची शरम होतीच, पण वेडीवाकडी खूण करायची कल्पनाही त्यांना तेवढीच लाजिरवाणी वाटली असावी. मला हसू आलं आणि त्याच वेळी रागही आला.

"कशासाठी पण?"

जिन्यावरून कुणी तरी धाडधाड उतरलं. ते आवाज थांबायची वाट बघत राहिले.

"बायको जाऊन सहा वर्षं झाली," ते कोटाकडे बघत म्हणाले. "लोक कपडा देतात, कपडा नेतात. या सहा वर्षांत माझ्या अंगाला कुणाचा हात लागला असेल तर न्हाव्याचा. तो पोरगा डोकं हातात घेतो आणि म्हणतो, 'सोडा काका, सगळं वजन सोडा, मी धरलंय.' पहिले दोन दिवस सोडताच येईना. तिसऱ्या दिवशी सोडलं. मग आठवड्यात तेच दोन दिवस राहिले. बाकीचे नुसते जायचे."

तीस वर्षं मी लोकांना तेच वाक्य सांगत आले होते, सोडा, मी धरलंय. पुढचा पेशंट बाहेर खोळंबलेला असायचा आणि मी मनात घड्याळ बघत ते म्हणायची.

"आणि मुलगी," ते म्हणाले. "लांब असते. दर रविवारी फोन. पहिला प्रश्न, 'बाबा, मान कशी आहे?' मग मी सांगतो, इथे दुखतं, तिथे आखडतं. ती म्हणते उशी बदला, शेक घ्या. वीस मिनिटं जातात. मान बरी आहे म्हटल्यावर ती विचारणार काय?"

मी ज्यासाठी आले होते ते सांगितलं. दहा जणांचे कागद एकत्र करून सरासरी काढतात, त्यात त्यांचा अडुसष्ट कसा बसला, पैलवानाची खोली महिनाअखेर कशी बंद होणार. कुठेही मऊ केलं नाही. तसं मला येत नाही.

त्यांनी सुई कोटात टोचून ठेवली. "मला वाटलं माझा कागद माझ्यापुरता."

"नसतो."

"खूण पुसता येईल?"

"लिहिलेलं पुसायचं नाही. मोठ्या मॅडमपुढे येऊन खरं सांगायचं, म्हणजे तुमचे सगळे कागद बाद करता येतील."

"आणि उपचार?"

बारा आठवडे झाल्यावरही ज्यांचं दुखणं राहिलं त्यांना, उपचाराची खोली चालू राहिली तर, पुढे सहा महिने तेच उपचार मिळणार होते. त्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"बऱ्या मानेला कसले उपचार?" मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग माझा स्वेटर घडी घालून बाजूला ठेवला. "गुरुवारी घेऊन जा."

सोमवारी सकाळी आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मोठ्या मॅडमच्या टेबलापुढे उभे राहून शाळेतल्या मुलासारखं सगळं सांगितलं. मुलीच्या फोनचं सोडून. ते फक्त मला सांगितलं होतं.

मॅडम कडक आहेत, दुष्ट नाहीत. "त्या वेळात आणखी एखादा माणूस बरा झाला असता," एवढंच म्हणाल्या.

"हो," रफूवाले म्हणाले.

मॅडमनी त्यांच्या सातही कागदांवर लाल रेघ ओढली. मग सरासरी माझ्यासमोर पुन्हा काढली. हात बावीस, व्यायाम चोवीस. चष्मा काढून त्या म्हणाल्या, "यातून फार काही सिद्ध होत नाही. दोन्ही जवळपास सारखेच. पण हात मागे पडले असं आता कुणाला म्हणता येणार नाही. राहू दे खोली, पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

नोंद पुरी करायला एक खरं माप हवं होतं. मी त्यांना माझ्या खोलीत नेलं. खुर्ची, ठिपका. दोन्ही बाजूंना सत्तर. रेघेचा कागद पुढे ठेवला. पेन्सिल रेघेवरून कितीदा तरी गेली आणि आली. शेवटी अगदी डाव्या टोकाशी खूण केली, आणि ती वाकडी आली. चार मिलिमीटर.

"खरं म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. "पण पार टोकावर काढायला हात होईना."

मी त्यांच्या मागे उभी होते. समोर ते डोकं, पांढरे विरळ केस, बेचाळीस वर्षं वाकून मानेवर पडलेल्या तीन वळ्या. गट आता गुपित नव्हता, तुलना संपली होती, अंगठे गेले तरी तळहात शाबूत होते. मी हात उचलला. मग खुर्चीच्या पाठीला अडकवलेलं कोनमापक काढून घ्यायला उचलला असं दाखवलं आणि ते टेबलावर ठेवलं. या एका गोष्टीची मला अजून लाज वाटते.

बाहेर पैलवान आपल्या खोलीच्या दारात होता. "काका, गुरुवारी ना?" त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"नाही. बरा झालो मी."

"अरे, मस्त," तो म्हणाला आणि आत वळला. टेबलावर कुणाचं तरी डोकं वाट बघत होतं.

गुरुवारी मला जाववलं नाही. पुढच्या सोमवारी गेले. स्वेटर तयार होता, कोपरावर पांढऱ्या दोऱ्याचा फास. फासाशेजारी मी नखाने चाचपलं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. जागा सापडली नाही.

"रविवारी फोन आला होता?" मी विचारलं. विचारायचं नाही हा नियम माझ्या खोलीचा होता, जिन्याखालचा नव्हता.

"आला."

"सांगितलंत?"

"सांगितलं. तिने विचारलं, 'मान कशी आहे?' मी म्हटलं, 'बरी झाली.' खूप खूश झाली. म्हणाली, 'बरं झालं बाबा, एक काळजी मिटली.'" ते रिळाला दोरा गुंडाळत होते, घट्ट, एकाला एक लावून. "मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाली, 'मग ठेवू?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"ठेव म्हटलं."

मला तिचा राग आला, मग माझा आला. मुलगी वाईट नव्हती. ती मानेचं विचारायची, कारण विचारायला तेवढंच तिच्या हाताशी होतं. आणि ते मी जाऊन काढून घेतलं होतं, चांगल्या कामासाठी, नियमाला धरून, पैलवानाच्या खोलीपायी. पुन्हा तसंच करावं लागलं तर पुन्हा करीन. पण त्या वेळी तिथे उभं राहून तोंडाला आलं ते बोलून गेले.

"माझ्याकडे आणखी एक स्वेटर आहे. हिरवा. त्यालाही भोक आहे."

"आणा," ते म्हणाले.

घरी येऊन कपाट उघडलं. हिरवा स्वेटर होता. चारदासुद्धा घातलेला नव्हता, भोक कुठलं असणार. बाकीचे कपडे काढून पलंगावर पसरले. दोन शाली, एक कोट, राखाडी स्वेटर. सगळे धडधाकट. मी कपड्यांची काळजी घेते, घ्यायला दुसरं कुणी नाही. सगळं परत रचून ठेवलं आणि स्वयंपाकघरातून कात्री आणली. लोकांच्या खुणा खिडकीला लावून तपासणारी मी बाई, पलंगावर बसून स्वेटरची बाही बोटांवर ताणली आणि कोपराच्या जरा वर एक भोक पाडलं. सवयीने त्यावर पट्टीही ठेवून पाहिली. एक सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर घेऊन गेले. त्यांनी स्वेटर दिव्याखाली धरला. भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, आणि मग पुन्हा एकदा सावकाश. मी जिन्याच्या पायऱ्यांकडे बघत राहिले. खिळ्याला अडकला असं सांगायचं वाटेत ठरवलं होतं, पण त्यांनी विचारलंच नाही.

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, स्टुलावरची कोटांची चळत दोन्ही हातांनी उचलून आत ठेवली आणि फडक्याने स्टूल पुसलं.

"बसा," ते म्हणाले. "याला वेळ लागेल."